दिपवणाऱ्या उजेडाच्या कडेला

११ मार्च २०२५ रोजी शनीच्या चंद्रांची संख्या १४६ वरून एकदम २७४ झाली. एका घोषणेत १२८ नवे चंद्र. इतर सगळ्या ग्रहांचे चंद्र एकत्र केले तर जेवढे होतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट आता एकट्या शनीच्या खात्यावर आहेत. एडवर्ड ॲश्टन हे तैवानमध्ये काम करणारे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी हवाई बेटावरच्या माउना केआ पर्वतावरची ३.६ मीटरची दुर्बीण वापरून हे चंद्र शोधले. त्यातले बहुतेक अवघे काही किलोमीटर रुंदीचे खडक आहेत. वसई किल्ल्यापासून वसई रोड स्टेशनपर्यंतच्या अंतरात त्यातला एखादा सहज मावेल.

‘शनीला चंद्र किती?’ हा प्रश्न आपल्या शाळांच्या सामान्यज्ञान परीक्षांत हमखास असतो. आईवडिलांनी पाठ केलेला आकडा वेगळा, मोठ्या भावाचा वेगळा, यंदाच्या पुस्तकातला आणखी वेगळा. आकडा बदलतो हे मुलांना कळतं, का बदलतो ते सहसा कुणी सांगत नाही. चारशे वर्षांचा हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. चंद्र शोधणाऱ्यांची झुंज अंतराशी जेवढी होती, त्याहून जास्त उजेडाशी होती. ग्रह दिपवून टाकतो आणि त्याच्या अगदी कडेला असलेला मंद ठिपका डोळ्यांतून निसटतो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर दिव्यांमुळे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसू नये, तसंच ते. गुरूचे चार मोठे चंद्र एकेकटे आकाशात असते तर काळोख्या रात्री ते नुसत्या डोळ्यांनी दिसले असते. त्यांची तेजस्विता तेवढी आहे. ते हजारो वर्षं दिसले नाहीत ते गुरूच्या प्रखरतेमुळे. आकडा वाढत गेला तो माणसाने या उजेडावर एकामागून एक तोडगे काढले म्हणून.

आपल्या स्वतःच्या चंद्राला शोधावं लागलं नाही. वसईच्या किनाऱ्यावर तर तो पाण्यातूनच कळतो. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळ्यांना तिथी आणि भरती यांचं गणित तोंडपाठ असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. होडी कधी काढायची, जाळं कधी लावायचं हे त्यावर ठरतं; मिठागरात पाणी घ्यायचं तेही उधाणाच्या भरतीला. इतका जवळचा चंद्र रोज डोळ्यांसमोर असूनही दुसऱ्या एखाद्या ग्रहाला स्वतःचा चंद्र असेल असं जुन्या ज्योतिषात कुणी मांडलं नाही, कारण आपल्या नवग्रहांत चंद्र हा स्वतःच एक ग्रह. ग्रहाभोवती ग्रह फिरतो ही कल्पनाच त्या मांडणीत बसणारी नव्हती. युरोपातही तेव्हा तेच होतं.

ती मांडणी हलली ७ जानेवारी १६१० च्या रात्री, इटलीत पादुआ इथे. गॅलिलिओची दुर्बीण साधारण वीस पट मोठं दाखवणारी होती. त्या रात्री त्याला गुरूजवळ तीन लहान तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि तिघेही एका रेषेत. दुसऱ्या रात्री पाहतो तर तिघेही पश्चिमेला. गुरू सरकला म्हणावं तर तो कोष्टकांप्रमाणे उलट्या दिशेला सरकायला हवा होता. नऊ तारखेला ढग आले. दहा तारखेला दोनच दिसले आणि तेही पूर्वेला. तेरा तारखेला चौथा सापडला. आठवडाभरातच त्याची खात्री पटली की हे तारे नव्हेत, गुरूभोवती फिरणारे गोल आहेत. त्याच्या वहीतल्या या नोंदी फार साध्या आहेत: मध्ये एक वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना ताऱ्यांच्या खुणा. मार्चमध्ये व्हेनिसला त्याचं छोटं पुस्तक छापून बाहेर पडलं आणि पृथ्वीखेरीज दुसऱ्या एखाद्या केंद्राभोवतीही गोल फिरू शकतात हे जगाने वाचलं. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही आजची नावं मात्र गॅलिलिओची नव्हेत. ती जर्मन ज्योतिषी सिमॉन मारिअसने १६१४ मध्ये छापली. त्याला ती सुचवली होती केप्लरने.

त्या वेळी वसई पोर्तुगीजांकडे होती आणि १५३४ पासून पाऊणशे वर्षं तशीच होती. तटबंदी, चर्चेस, मठ यांनी गजबजलेलं ते शहर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांच्याच हातात राहिलं. चंद्रांच्या शोधाचा पहिला अध्याय या दोनशे पाच वर्षांच्या आतच बसतो. १६१० मध्ये गुरूचे चार, १६५५ मध्ये हॉयगेन्सला सापडलेला शनीचा टायटन आणि १६७१ ते १६८४ या काळात पॅरिसच्या वेधशाळेत कासिनीने शोधलेले आणखी चार: आयापेटस, ऱ्हिया, टेथिस आणि डायोनी. एकूण नऊ. मग शंभर वर्षांहून जास्त काळ नवा एकही नाही. वसईचा रणसंग्राम या पोकळीत येतो.

टायटन सापडल्यावर हॉयगेन्सला वाटलं की आता यादी पूर्ण झाली. ग्रह सहा, चंद्रही सहा, मिळून बारा. पुढे आणखी शोधायची गरज त्याला वाटली नाही. त्याच्यासारख्या कुशल निरीक्षकाला संख्येची ही जुळवाजुळव इतकी पटावी याचं मला नेहमीच वाईट वाटतं, कारण पुढचे चार चंद्र कासिनीने तीस वर्षांच्या आत शोधून दाखवले.

त्यातल्या आयापेटसची गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. शनीभोवती तो सुमारे ७९ दिवसांत फिरतो. कासिनीला तो शनीच्या पश्चिमेला स्पष्ट दिसायचा. पूर्वेला गेला की नाहीसा व्हायचा. फेरीमागून फेरी तेच. कासिनीने यातून दोन निष्कर्ष काढले. या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली असली पाहिजे. आणि आपला चंद्र जसा पृथ्वीला एकच तोंड दाखवतो तसा तोही शनीला एकच तोंड दाखवत असला पाहिजे. पूर्वेच्या बाजूला हा चंद्र त्याला दिसला तो १७०५ मध्ये, पहिल्या नोंदीनंतर तब्बल चौतीस वर्षांनी, अधिक चांगल्या दुर्बिणीतून. तीनशे वर्षांनी, २००४ नंतर, कासिनीचंच नाव दिलेल्या यानाने जवळून छायाचित्रं काढली आणि अर्धा कोळशासारखा काळा, अर्धा बर्फासारखा पांढरा असा तो गोल सगळ्यांनी पाहिला. डोळ्यांना फक्त एक ठिपका दिसत होता. तो कधी दिसत नाही याची नोंद ठेवून माणसाने त्याचं अंग ओळखलं.

सापडलेले चंद्र लगेच कामाला लागले, आणि हे बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत उरकलं जातं. आयो दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो. तो क्षण पृथ्वीवर सगळीकडे एकच असतो. समजा, पॅरिसमध्ये कुणी आयोला ग्रहण लागल्याची स्थानिक वेळ नोंदली आणि तेच ग्रहण वसईत कुणी पाहून इथली वेळ नोंदली, तर दोन वेळांत ४ तास ४२ मिनिटांचा फरक येईल. एका तासाला पंधरा अंश, म्हणजे वसई पॅरिसच्या पूर्वेला साडेसत्तर अंशांवर. एवढं सोपं. घड्याळात एका मिनिटाची चूक झाली तर आपल्या अक्षांशावर जागा २६ किलोमीटरने चुकते, म्हणून नोंद काटेकोर हवी. डोलणाऱ्या जहाजावर दुर्बीण स्थिर धरता येईना, त्यामुळे समुद्रावर ही पद्धत चालली नाही. जमिनीवर मात्र तिने नकाशे बदलून टाकले. १६६८ मध्ये कासिनीने या ग्रहणांची कोष्टकं छापली होती. डेन्मार्कच्या ओल रोमरने ती तपासताना पाहिलं की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणं उशिरा लागतात. ९ नोव्हेंबर १६७६ चं ग्रहण दहा मिनिटं उशिरा दिसेल असं त्याने आधीच जाहीर केलं आणि ते तसंच दिसलं. प्रकाशाला वेग असतो, तो तत्क्षणी पोहोचत नाही, याचा पहिला पुरावा एका चंद्राने दिला.

भारतात या चंद्रांची नोंद कुणी घेतली? जयपूरचे सवाई जयसिंह यांनी घेतली. १७२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जेझुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्याबरोबर एक शिष्टमंडळ पोर्तुगालला पाठवलं. ते युरोपातली ताजी कोष्टकं घेऊन परतलं. जयसिंहांच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथात दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरूच्या चार चंद्रांचा उल्लेख आहे. वसईत तेव्हा जेझुइटांचं महाविद्यालय होतं, गोव्यात त्याहून मोठं. पोर्तुगीज अंमलात इथे दुर्बिणीतून वेध घेण्याची परंपरा रुजली असती तर आपला ज्योतिषाचा इतिहास वेगळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

शतकाची पोकळी मोडली ती विल्यम हर्शेलने. १७८१ मध्ये युरेनस शोधणाऱ्या या माणसाने १७८७ मध्ये त्याचे दोन चंद्र आणि १७८९ मध्ये शनीचे एन्सेलाडस व मिमास हे दोन शोधले. इथे उजेडावरचा एक नैसर्गिक तोडगा दिसतो. साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात, इतकी पातळ की जवळजवळ नाहीशी होतात. कड्यांचा लखलखाट गेला की आतले मंद चंद्र डोकं वर काढतात. १७८९ हे तसंच वर्ष होतं, हायपेरियन सापडला ते १८४८ हेही तसंच, आणि पुढे १९६६ हेही. हर्शेलने युरेनसचे आणखी चार चंद्र पाहिल्याचं सांगितलं होतं. ते खरे निघाले नाहीत. शुक्राच्या चंद्राची कथा तर याहून लांबली. कासिनीने तो दोनदा पाहिल्याचं नोंदवलं, नंतरही अनेकांनी नोंदवलं, त्याला ‘नीथ’ असं नावही मिळालं. १८८७ मध्ये बेल्जियमच्या पॉल स्ट्रोबांने जुन्या नोंदी एकेक तपासल्या आणि बहुतेक वेळी शुक्राजवळ एखादा साधा तारा होता असं दाखवून दिलं. शुक्र आणि बुध यांना चंद्र नाही. बुध सूर्याच्या इतका जवळ आहे की त्याच्या पकडीत चंद्र टिकणंच अवघड.

१८४६ च्या सप्टेंबरात नेपच्यून सापडला आणि १० ऑक्टोबरला, तीन आठवडेही उलटायच्या आत, लिव्हरपूलचा मद्यउत्पादक विल्यम लॅसेल याने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्याचा ट्रायटन शोधला. त्याच वर्षी मे महिन्यात बाळशास्त्री जांभेकर गेले. मराठी वृत्तपत्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. कुलाब्याच्या वेधशाळेची धुराही काही काळ त्यांच्याकडे होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. केरो लक्ष्मण छत्रे याच वेधशाळेत काम करून पुढे पुण्याला गेले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक त्यांनी मराठीत आणलं. म्हणजे नव्या ज्योतिषाचं गणित मराठीत तेव्हाच आलं होतं. मोठी दुर्बीण मात्र नव्हती.

विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ ला सुटली. त्याला दहा वर्षं झाली तेव्हा, १८७७ च्या ऑगस्टमध्ये, वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होता. हाताशी २६ इंच भिंगाची, तेव्हाची सर्वांत मोठी भिंगांची दुर्बीण. तरीही काही दिसेना. तो सोडून देण्याच्या बेतात होता आणि पत्नी अँजेलिन स्टिकनीने त्याला आणखी प्रयत्न करायला लावलं. त्याची युक्ती अगदी साधी होती. नेत्रभिंग सरकवून मंगळ दृश्याच्या जरासा बाहेर ठेवायचा आणि मग भिंग फिरवत मंगळाभोवतीचा सगळा काळोख चाचपायचा. बारा तारखेला डायमॉस सापडला, अठराला फोबॉस. फोबॉस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत फिरतो, मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा कितीतरी झपाट्याने, म्हणून मंगळावर उभं राहिलं तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. त्यावरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज स्टिकनीचं नाव आहे. शिवाय चंद्र सापडताच मंगळाचं वजन काढता आलं, कारण चंद्र किती अंतरावर किती वेळात फिरतो यावरून ग्रहाचं वस्तुमान थेट मिळतं. न्यूटनने गुरू आणि शनीसाठी हेच केलं होतं.

दुर्बिणीला डोळा लावून सापडलेला शेवटचा चंद्र गुरूचा अमाल्थिया: ९ सप्टेंबर १८९२, कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळा, एडवर्ड बर्नार्ड. गुरूच्या इतक्या जवळचा हा ठिपका पाहायला त्यानेही गुरू नजरेआड ठेवला होता. सहा-सात वर्षांतच छायाचित्राची काच पुढे आली. पेरूतल्या आरेकिपा इथे काढलेल्या काचांवर विल्यम पिकरिंगला शनीचा फीबी सापडला आणि तो उलट्या दिशेने फिरताना आढळला. त्या काळात पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवत होते. त्यांच्याकडे २० इंची आरशाची दुर्बीण होती, देशातली सर्वांत मोठी. त्यांनी ती सूर्य आणि तेजोमेघ यांच्या वर्णपटासाठी वापरली. चंद्र शोधण्याचा कार्यक्रम तिथे नव्हता. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली.

याच सुमाराला चंद्रांचा विषय एका मराठी माणसाने अगदी वेगळ्या वाटेने पुढे नेला. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) बागलकोटला शिक्षक होते. ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथामुळे आणि केतकी पंचांगामुळे त्यांचं नाव आपल्याकडे घराघरांत गेलं. पण १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक टिपण छापलं, त्याची आठवण फार थोड्यांना आहे. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांचे प्रदक्षिणाकाळ साधारण एकास दोनास चार या प्रमाणात बांधलेले आहेत. लाप्लासने दाखवलं होतं की या बंधनामुळे तिघे कधीही गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत येऊ शकत नाहीत. केतकरांना वाटलं, चंद्रांच्या कुटुंबात असं बंधन आहे तर दूरच्या ग्रहांतही असावं. त्यांनी युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडचे दोन न दिसलेले ग्रह अशा साखळीत बसवले. त्या ग्रहांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर ३८.९५ एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या तेवढे पट, आणि त्याचं वर्ष २४२.२८ वर्षांचं.

१९३० मध्ये, केतकरांच्या अखेरच्या वर्षी, प्लूटो सापडला. अंतर ३९.४८, प्रदक्षिणा २४८ वर्षं. आकडे इतके जवळ आले की अंगावर काटा येतो. तरीही इथे जपून बोलायला हवं. केतकरांनी ग्रह आकाशात कुठे दिसेल हे सांगितलं नव्हतं, आणि विष्णू कधीच सापडला नाही. म्हणून याला प्लूटोचा शोध म्हणणं बरोबर होणार नाही. पण चंद्रांच्या कक्षांतलं बंधन ग्रहांच्या कक्षांवर नेऊन पाहणं ही खरी वैज्ञानिक कल्पना होती; आणि प्लूटो व नेपच्यून खरोखरच अशा बंधनात आहेत हे पुढे, केतकर गेल्यानंतर, सिद्ध झालं. बागलकोटसारख्या गावात, मोठ्या वेधशाळेपासून दूर बसून एका शिक्षकाने हे केलं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत या टिपणाला एक पान मिळायलाच हवं.

विसाव्या शतकाचा मधला भाग मंदगतीचा. कायपरने १९४८-४९ मध्ये मिरांडा आणि नेरीड शोधले. गुरूच्या छोट्या चंद्रांची भर पडत राहिली. १९६६ च्या डिसेंबरात कडी पुन्हा कडेवर आली आणि फ्रान्सच्या ओदुआँ दोल्फूसला पंधरा तारखेला शनीजवळ एक नवा ठिपका दिसला, जेनस. तीन दिवसांनी अमेरिकेत रिचर्ड वॉकरलाही एक दिसला. सगळ्यांनी तो तोच धरला. पण मग कक्षा जुळेना. बारा वर्षांनी, १९७८ मध्ये, ध्यानात आलं की जवळजवळ एकाच कक्षेत दोन चंद्र आहेत. ते दर चार वर्षांनी एकमेकांजवळ येतात आणि आपल्या जागा बदलतात.

त्याच १९७८ च्या जूनमध्ये जेम्स ख्रिस्टीला प्लूटोच्या छायाचित्रांत एका बाजूला फुगवटा दिसला. असे फोटो सदोष म्हणून बाजूला टाकले जात. फुगवटा ठरावीक काळाने ग्रहाभोवती फिरतो हे त्याने ओळखलं, आणि शॅरॉन मिळाला. तो मिळताच प्लूटोचं वस्तुमान काढता आलं आणि ते पृथ्वीच्या साधारण साडेचारशेव्या भागाएवढंच निघालं. शोध लागला तेव्हा प्लूटोला मोठा ग्रह मानलं होतं. त्याचं ग्रहपद जाण्याची सुरुवात, माझ्या मते, इथूनच झाली.

भारताचा वाटा या काळात तमिळनाडूतल्या कवलूरहून आला. ७ जून १९७२ रोजी गॅनिमीड एका ताऱ्यावरून गेला, तेव्हा कवलूर आणि जावा इथल्या नोंदींवरून त्याला विरळ वातावरण असावं असा निष्कर्ष काढला गेला. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यावरून जाताना कवलूरलाही ताऱ्याचा उजेड खालीवर झाला. युरेनसला कडी आहेत हे जगाला कळलं त्या रात्रीची ही नोंद. ताऱ्याचा उजेड अडतो, म्हणून अडवणारी वस्तू कळते. उजेडाचा असाही उपयोग.

१९७९ पासून व्हॉयेजर यानांनी उजेडाची अडचणच मिटवली, कारण ती ग्रहाच्या शेजारी जाऊन पाहू लागली. गुरूचे तीन, युरेनसचे दहा, नेपच्यूनचे पाच-सहा चंद्र त्यांच्या छायाचित्रांत मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चंद्र हे वेगळे जग असल्याचं दिसलं. मार्च १९७९ मध्ये लिंडा मोराबिटो या अभियंतीला आयोच्या कडेला छत्रीसारखा पसारा दिसला, तो जिवंत ज्वालामुखीचा फवारा होता. एन्सेलाडसमधून पाण्याच्या वाफा उडतात हे २००५ मध्ये कळलं. आपलं मंगळयानही इथे आठवावं: २०१४ मध्ये त्याने डायमॉसची आणि २०२० मध्ये फोबॉसची छायाचित्रं पाठवली. ग्रहाचा नवा चंद्र मात्र भारतातल्या कुठल्या दुर्बिणीला अजून सापडलेला नाही.

शेवटची मोठी उडी संगणकाची. १९९७ नंतर इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी काचांची जागा घेतली. आता एकामागून एक छायाचित्रं घेतात आणि ग्रहाच्या गतीएवढी सरकवून एकमेकांवर रचतात. तारे पुसट रेघा होतात, ग्रहाबरोबर चालणारा क्षीण ठिपका मात्र जागच्या जागी ठळक होत जातो. शनीचे १२८ याच रीतीने मिळाले. ते बहुतेक ग्रहाने पकडलेले किंवा मोठे चंद्र फुटून झालेले तुकडे आहेत, लांब आणि तिरप्या कक्षांत भटकणारे. इथे जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: चंद्र म्हणायचं कशाला? किमान आकाराची मर्यादा कुणी घातलेली नाही. शनीच्या कड्यांतला प्रत्येक हिमखंडही शनीभोवती फिरतोच. माझं मत असं की परीक्षेत आकडा विचारू नये. कोणता चंद्र कसा सापडला हे विचारावं.

२०२१ मध्ये गुरूचा एक चंद्र काई ली नावाच्या हौशी निरीक्षकाने शोधला, तोही जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या छायाचित्रसंग्रहात. स्वतःची दुर्बीणही लागली नाही. म्हणजे विरारच्या एखाद्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यालाही हे काम करता येईल. इथल्या आकाशाची अडचण खरी आहे. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या उजेडात तारे विरघळतात. भुईगाव किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडचं आकाश तेवढं बरं. मुंबई-ठाण्याचे आकाशप्रेमी वांगणीला जातात ते यासाठीच.

पण गॅलिलिओच्या चार चंद्रांना शहराचा उजेड आडवा येत नाही, ते पुरेसे तेजस्वी आहेत. आणि साधारण दर सहा वर्षांनी पृथ्वी आणि सूर्य त्यांच्या कक्षेच्या पातळीत आले की ते एकमेकांना झाकतात, एकमेकांवर सावली टाकतात. २०२६-२७ हा तसा हंगाम आहे. २०२७ च्या फेब्रुवारीत गुरू रात्रभर आकाशात असेल. चार-सहा इंची दुर्बीण, साधा कॅमेरा आणि अचूक वेळ एवढ्यावर आयोवर युरोपाची सावली पडली की उजेड किती सेकंदांत किती कमी झाला हे मोजता येतं. पॅरिसची एक संस्था जगभरातल्या हौशी लोकांकडून या नोंदी गोळा करते, आणि त्यांवरून चंद्रांच्या कक्षा शेकडो किलोमीटरच्या नव्हे तर दहा-वीस किलोमीटरच्या अचूकतेने ठरवता येतात. वसईच्या शाळांतल्या गच्च्या या कामाला पुरेशा आहेत.